बाळू महाराजांनी पिवळं सोडलं

जानेफळात आमची आणि बाळू महाराजांची भिंत एक. भिंतीच्या अलीकडे मी, हायस्कुलात विज्ञान शिकवणारा, दरवर्षी पोरांसमोर तळहातावर कापूर जाळून यात चमत्कार कसा नाही ते सिद्ध करणारा. पलीकडे ते, गावाचे आणि आसपासच्या खेड्यांचे भटजी. लग्न, बारसं, सत्यनारायण, वास्तुशांत, तेरावं, सगळं त्यांच्याकडे. आमच्या भागात भटजीला महाराज म्हणतात. मी त्यांना महाराज म्हणायचो, ते मला सर म्हणायचे, आणि आम्हा दोघांत विज्ञानाचा माणूस नेमका कोण, याचा उलगडा व्हायला मला बरीच वर्षं लागली.

अंगानं आडवे, उंचीनं बेताचे. दारातून आधी पोट यायचं, मग महाराज. एक जुनी मोपेड होती, तिच्या हँडलला पोथीची पिशवी. मोपेडचा हॉर्न बिघडलेला होता आणि तो त्यांनी कधी दुरुस्त केला नाही. मोठ्यानं पुरुषसूक्त म्हणत यायचे. म्हशी बाजूला व्हायच्या, माणसं नमस्कार करायची. सत्यनारायणाला बसण्यापूर्वी घरात लहान पोरं किती ते पाहून घ्यायचे. पोरं जास्त असली की कथा अशी धावायची की साधुवाण्याची नाव बुडते कधी आणि वर येते कधी ते कळायचं नाही.

आणि एक वाक्य होतं त्यांचं. "ते खातं माझ्याकडं नाही." पाऊस कधी येईल, सोयाबीनला भाव चढेल का, पोराला नोकरी लागेल का, काहीही विचारा. "ते खातं माझ्याकडं नाही."

एकदा मी त्यांना खिंडीत गाठायचं म्हणून विचारलं, "महाराज, खरं सांगा, शांत केल्यानं ग्रह शांत होतात का?"

"ग्रहाचं मले माहीत नाही सर," ते म्हणाले. "घरातली माणसं होतात. दोन तास एका जागी बसतात, भांडत नाहीत, पोटभर जेवतात. काही घरात तेवढंही कित्येक महिन्यांत झालेलं नसते."

आजारपणासाठी शांत करायची म्हणून कोणी आलं, की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "दवाखान्यात नेलं का?" नेलं नसेल तर मुहूर्तच मिळायचा नाही. "आधी जाऊन या. तोवर ग्रह कुठी पळून चालले नाहीत." मला हे ढोंग वाटायचं. तसं मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवायचो. स्टाफरूममध्ये मी बरंच काही बोलून दाखवत असे.

त्यांना एकच मुलगी, गायत्री. तिसरीत असताना ती लंगडायला लागली. नडगी धरून बसायची. रात्री जास्त दुखायचं, सकाळी घोटा सुजलेला. तिच्या आईनं, मंगलावहिनींनी, मला भिंतीवरून विचारलं आणि मी भिंतीवरूनच निदान केलं, "वाढीचं दुखणं आहे वहिनी. कॅल्शियम कमी. तीळ खाऊ घाला, उन्हात बसवा." पोरगी दोन महिने अंगणात उन्हात बसून तिळाचे लाडू खात होती. पाय होता तसाच राहिला, ती मात्र सावळी झाली. माझ्या उपचाराचा तेवढा एकच परिणाम दिसला.

मग मेहकरला फोटो काढला. डॉक्टर म्हणाले हाडात पू असावा. पोरगी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात भरती झाली, कित्येक आठवडे सलाईनमधून औषधं घेतली. जरा बरी झाली, घरी आली आणि दुसरा पाय सुजला. मग गळ्याजवळचं हाड. हाडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला तेव्हा कोणी त्या शब्दाचा उच्चार केला नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच होता. अहवाल आला. कॅन्सर नाही, क्षय नाही आणि जंतूही नाहीत. महाराजांना पेढे वाटावेत की रडावं कळेना. काहीच नाही, तर पोरगी ओरडते कशानं?

त्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरनं पुण्याला जायला सांगितलं. मंगलावहिनींना बस सुरू होण्याच्या आधीच मळमळायचं, म्हणून महाराज आणि पोरगी जाणार होते. "शिकलेलं माणूस सोबत पाहिजे," असं महाराजांनी म्हटलं आणि मी फुगलो. इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला दोन पेनं लावली.

पुण्याच्या दवाखान्यात आधी एक शिकाऊ डॉक्टर आला. "बाळा, कुठे दुखतं?"

"मले इथी दुखते," गायत्री म्हणाली. "झोपल्यावर लय ठणकते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे सरसावलो, "तिला या ठिकाणी वेदना होतात. निद्रेच्या वेळी त्यांची तीव्रता वाढते." मराठीचं मराठीत भाषांतर करण्याची ती माझी पहिली वेळ. गायत्री माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी परीक्षेत कॉपी करताना सापडलोय.

मग मोठ्या डॉक्टरबाई आल्या. मी विज्ञान शिकवतो हे कळल्यावर त्या मला उद्देशून भराभर बोलायला लागल्या. मी मान हलवत होतो. एकही वाक्य कळत नव्हतं, पण मान अगदी लयीत हलत होती. बाई थांबल्या तसे महाराज म्हणाले, "मले नाही समजलं. परत सांगा."

बाईंनी परत सांगितलं. "थोडं समजलं. अजून एकदा," महाराज म्हणाले. त्यांना त्याची काही लाज नव्हती. मी मात्र खिडकीतून बाहेर पाहत होतो.

तिसऱ्या वेळी बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. हा फार थोड्या मुलांना होणारा आजार आहे. हाडांमध्ये दाह होतो, पण तो जंतूंमुळे नाही. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा विनाकारण पेटते आणि हाडं सुजतात. आज इथे, उद्या तिथे.

महाराज म्हणाले, "म्हणजे होम कोणी पेटवला नाही, समिधा नाहीत, तूप नाही, तरी कुंड तापते."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि आपल्याला ते थंड ठेवायचंय. कदाचित ती मोठी होईपर्यंत. मध्ये आजार थांबेल, परत उठेल. कंटाळायचं नाही."

"पूर्ण बरी होईल?"

"पुष्कळ मुलं होतात. पण मी वचन देऊ शकत नाही."

परतीच्या बसमध्ये पोरगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मी काहीतरी धीराचं बोलायचं म्हणून म्हणालो, "होईल हो बरी, नक्की होईल." महाराज म्हणाले, "सर, नक्की बोलणारे गावात लय आहेत. ती बाई 'वचन देत नाही' म्हणाली ना, तवा कुठी मले विश्वास बसला."

आजाराचं नाव नुसती इंग्रजी अक्षरं होती. ती महाराजांना शेवटपर्यंत नीट पाठ झाली नाहीत. दर वेळी क्रम बदलायचा. अख्खं रुद्र पाठ असलेला माणूस त्या चार अक्षरांत अडखळायचा.

सुरुवातीला सूज उतरवणाऱ्या गोळ्या झाल्या. काही महिने बरे गेले, मग पुन्हा उचल खाल्ली. तेव्हा आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी सुरू झाली. शनिवारची गोळी. ती पिवळी होती.

त्या गोळीनं दुखणं हटलं, पण शनिवारी दुपारपासून पोरीला मळमळायचं. हळूहळू गोळी पाहताच मळमळायला लागलं. मग कुठलंही पिवळं पाहिलं की. वरणाचं ताट समोर आलं की ती तोंड दाबून मोरीकडे पळायची. झेंडूच्या माळा, केळी, हळदीची वाटी, सगळ्याचं तेच. पुण्याच्या बाई फोनवर म्हणाल्या की या औषधानं काही मुलांचं असं होतं, ती नाटक करत नाहीये. सोबतीला दुसऱ्या गोळ्या दिल्या. त्यांमुळे थोडा फरक पडला, पण पिवळ्याची धास्ती गेली नाही.

मी शास्त्रीय उपाय सुचवला, "गोळी गुळात लपवून द्या." दिली. तिला गुळाचीही शिसारी बसली. त्या संक्रांतीला मंगलावहिनींनी मला तिळगूळ दिला तो भिंतीवरून, तोंड दुसरीकडे करून.

आता भटजीचं घर. त्यात पिवळ्याशिवाय दुसरं असतं काय? पण महाराजांनी कोणाला काही न सांगता एकेक काढायला सुरुवात केली. वहिनी बिनहळदीचं वरण करायला लागल्या. पोहे पांढरे, खिचडी पांढरी. देवाला झेंडू बंद, तगर आणि जास्वंद सुरू. हळद घराबाहेर, माझ्या स्वयंपाकघरात ठेवलेली. पूजेला निघताना महाराज भिंतीवरून हात करायचे आणि आमची ही त्यांना पुडी द्यायची. लग्नाहून आले की आधी आमच्या मोरीत हातपाय घासायचे, नखांतली हळद काडीनं काढायचे आणि मग आपल्या घरी जायचे.

त्यांचा पिवळा रेशमी कद गावात प्रसिद्ध होता. लग्नात तो नेसून उभे राहिले की दुरून सूर्यफूल वाटायचे. तो पेटीत गेला आणि महाराज तांबडा नेसून लग्नं लावायला लागले. एका लग्नात मुलीच्या बापानं सगळ्यांदेखत विचारलं, "महाराज, पिवळा कुठी गेला? शुभकार्याले लाल काऊन?"

"धुवायले टाकला."

"मांगच्या सालीही धुवायलेच होता."

"मळला होता लय," महाराज म्हणाले आणि मंगलाष्टकं सुरू केली.

मी त्यांना नंतर म्हटलं, अहो खरं सांगून टाका ना. ते म्हणाले, "खरं सांगतलं की लोक पोरीकडं पाहतात. लाल धोतराकडं पाहू द्या त्यांना."

ती दहा-अकरा वर्षांची असताना आजार पाठीच्या कण्यात उतरला. पुण्याच्या बाईंनी तपासणी पाहिली आणि म्हणाल्या की एक मणका दबायला लागलाय. वेळेत आवरलं नाही तर पाठ वाकेल. हाडं बळकट करणारं औषध सलाईनमधून द्यायचं ठरलं. त्यांच्या सल्ल्यानं ते औरंगाबादलाच, दर काही आठवड्यांनी. पहिल्या सलाईननंतर पोरगी तापानं फणफणली. असं होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. महाराज शांत होते. घाबरलो मी.

आणि घाबरलेला विज्ञानशिक्षक काय करतो? विज्ञान प्रदर्शनाला जातो असं घरी सांगून मी नांदुऱ्याकडच्या एका बाबाकडे गेलो. हाडांच्या दुखण्यावर तो धागा देतो असं ऐकलं होतं. रांगेत बसलो होतो तर पुढच्या माणसानं मागे वळून पाहिलं. माझाच जुना विद्यार्थी. त्यानं तळहातावर जाळलेला कापूर पाहिलेला होता.

"सर, तुमी इथी?"

"निरीक्षणाला आलोय," मी म्हणालो.

"हाव सर," तो म्हणाला आणि निरीक्षणाला सोयीचं व्हावं म्हणून त्यानं मला पुढे जागा दिली.

मी काळा धागा आणि राखाडी पावडरची पुडी घेऊन आलो. महाराज अंगणात समिधा निवडत बसले होते. मी दोन्ही वस्तू त्यांच्यापुढे ठेवल्या आणि खाली मान घालून उभा राहिलो. त्यांनी पुडीकडे पाहिलं, धाग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सर, हे तुमी आणलं?" आणि हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कित्येक महिन्यांत त्या अंगणात कोणी असं हसलं नव्हतं. गायत्री पाठीला पट्टा लावलेली, तशीच हळूहळू बाहेर आली, काय झालं ते ऐकून तीही हसायला लागली आणि "सर, हसवू नका ना, दुखते" म्हणत हसत राहिली.

मग महाराजांनी पुडी उचलून चुलीत टाकली. "डॉक्टरले विचारल्याशिवाय तिच्या पोटात काहीच नाही जाणार. प्रसादसुद्धा नाही." धागा मात्र त्यांनी फेकला नाही. मनगट माझ्यापुढे केलं. "हा माझ्या हाताले बांधा. तुमी एवढं लांबून आणलं."

मी बांधला. तो त्यांनी झिजून तुटेपर्यंत घातला. गावात कोणीही विचारलं, महाराज हा काळा धागा कोणाचा, की गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "आपल्या विज्ञानाच्या सरांचा." त्यानंतर मी शाळेत कापूर जाळणं बंद केलं. पोरं हसत होती.

मणका सावरला. पूर्वीसारखा झाला नाही, पण दबायचा थांबला. पुढे अंगात क्षय लपलेला नाही ना याच्या तपासण्या वगैरे करून एक नवं इंजेक्शन सुरू झालं, दर पंधरवड्याला पोटावर टोचायचं. शनिवारची गोळी बंद झाली. ते इंजेक्शन फ्रिजमध्येच ठेवावं लागायचं आणि इन्व्हर्टर होता आमच्याकडे. आमची ही संकोचली. रविवारचं मटण, अंड्यांचा ट्रे, त्यात भटजीच्या घरची वस्तू कशी ठेवायची? महाराज स्वतः आले, फ्रिज उघडून पाहिला. "अंडी राहू द्या वहिनी. त्याईले काय त्रास आहे? फक्त बर्फाच्या खणात नका ठेवू, गोठलं की औषध वाया जाते." त्या दिवसापासून आमचा फ्रिज ही महाराजांची जबाबदारी झाली. लाइट गेली की मोपेड थांबवून विचारायचे, "सर, फ्रिज चालू आहे ना?" दोनदा तर लग्नातून फोन आला. मागे सनई वाजत होती.

गायत्री चौदा वर्षांची झाली, आणि दुखणं पूर्ण थांबलं. सायकल चालवायची, मैत्रिणींबरोबर बाजारात जायची. एक दिवस तिनं सांगितलं, इंजेक्शन बंद. पुण्यालाही जायचं नाही. "दुखत नाही तर काऊन टोचून घेऊ?" आणि खोलीत जाऊन कडी लावली.

वहिनींनी मला हाक मारली. मी शाळेतून प्लास्टिकच्या सांगाड्याचा कणा पिशवीत घालून आणला होता, समजावून सांगायला. मणका म्हणजे काय, तो कसा दबतो, असं मुद्देसूद भाषण तयार होतं. महाराजांच्या उंबऱ्यात मी ठेचकाळलो, पिशवी उलटली आणि मणके खडखडत घरभर पसरले. एक माठाखाली गेला, तो आजतागायत सापडलेला नाही. शाळेच्या सांगाड्याची कंबर अजून तारेवर आहे.

मी जमिनीवर रांगत मणके गोळा करत होतो, तेव्हा महाराज दाराला टेकून खाली बसले. मला वाटलं आता रागावतील. ते आतल्या दिशेनं म्हणाले, "गायू, काऊन टोचायचं ते मलेही नीट सांगता येत नाही. दुखत नाही हे खरं आहे. मले फक्त भीती वाटते."

आत पलंग करकरला.

"लय वाटते," ते म्हणाले. "तू बंद म्हणत असशील तर बंद करू. पण त्या बाईंले जाऊन सांगायची माझी हिंमत नाही. तू चल आणि तूच सांग. मी बाजूले बसतो."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून भीती हा शब्द ऐकला नव्हता. मी माठाशेजारी तसाच उकिडवा बसून राहिलो. बऱ्याच वेळानं कडी निघाली. ती बाहेर आली, बापाकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाली, "सर, तुमी काय करून राह्यले?"

"मणका शोधतोय."

"माझा?" ती म्हणाली.

ती पुण्याला गेली आणि बाईंना तोंडावर सांगितलं, मला औषध नको. बाईंनी वाद घातला नाही. नवी तपासणी केली आणि पडदा तिच्याकडे वळवला. मागचं चित्र, आताचं चित्र. पांढरे डाग जवळजवळ गेलेले होते. कण्यात एक शिल्लक होता.

"हा अजून आहे?" तिनं विचारलं.

"आहे. दुखत नाही, पण आहे."

तिनं पडद्यावरच्या त्या डागावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "घेते. पण मी स्वतः टोचीन. बाबाचा हात लय थरथरते, मलेच त्यांची कीव येते."

महाराज छताकडे पाहत होते. त्यांचा हात थरथरतो हे मला माहीतच नव्हतं. मी तर दर वेळी फ्रिजमधून इंजेक्शन काढून देऊन दुसऱ्या खोलीत पळायचो.

पुढची वर्षं अशीच गेली. कधी बरं, कधी एखादी उचल, औषधांमधलं अंतर हळूहळू वाढत गेलेलं. आता गायत्री अमरावतीला कॉलेजात आहे, भूगोल घेतलाय. एक खांदा किंचित खाली असतो, उंची थोडी कमी राहिली. सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही आणि ती सांगतेही, हसत हसत. महाराज आणि वहिनीही तिकडेच गेले. तिथल्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण करतात, कथा आणखी वेगानं धावते म्हणे. आमच्या भिंतीपलीकडे आता बँकेतले एक साहेब राहतात. त्यांच्याशी माझं भांडण होत नाही, आणि करमतही नाही.

पण महाराज आठवले की मला दिसतात ते पुण्याच्या त्या दवाखान्यात, जानेफळ सोडण्याच्या थोडं आधी. शेवटची तपासणी होती. गायत्री एकटीच आत गेली. आम्ही दोघं बाहेर बाकावर. थोड्या वेळानं ती बाहेर आली. औषध बंद, बाई म्हणाल्या. आता वर्षानं फक्त दाखवायला यायचं. काही वाटलं तर आधी.

मी उठून महाराजांना हलवणार, तर ते झोपले होते. भर दुपारी, त्या गर्दीत, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून चक्क घोरत होते. शेजारच्या बाईचं बाळ त्यांच्याकडे टक लावून पाहत होतं. रस्त्यात त्यांचे पाय आडवे आले म्हणून एक वॉर्डबॉय त्यांना उठवायला वाकला. गायत्रीनं त्याला हातानं थांबवलं, वाकून त्यांचे पाय उचलून बाजूला घेतले आणि त्यांच्या शेजारी बसली.

"सांगू दे ना त्यांना," मी म्हणालो.

"झोपू द्या सर," ती हळूच म्हणाली. "तुमी चहा घेऊन या."

मी तीन चहा घेऊन आलो. आम्ही दोघांनी आपापला प्यायला. तिसरा मी हातात धरून बसलो. तो निवला, वर साय धरली. शेवटी तोही मीच प्यायलो. महाराज घोरत होते.